जुना संगणक टाकून देण्यापूर्वी



आजचा विषय संगणकावरील खेळांचा आहे हे पाहून काही वडीलधारी मंडळी पान उलटतील. त्यांनी तसे करू नये अशी विनंती आहे, कारण खेळ मुलांचा असला तरी पैसा आईबापांचा असतो. कॅनडात जाऊन राहिलेल्या आपल्या बेटावरील कुटुंबांत, आणि इथे वाक्वा, कात्र बोर्न, क्यूरपीपलासुद्धा, एक वाक्य हल्ली वारंवार कानावर येते: "संगणक जुना झाला, आता नवा घ्यावा लागेल." माझे म्हणणे एवढेच की हे वाक्य पुष्कळदा अर्धेच खरे असते. सगळा संगणक जुना झालेला नसतो, त्यातला एखादा भाग जुना झालेला असतो. तो भाग ओळखावा, तेवढाच बदलावा, आणि बदलण्याचे काम मुलाच्याच हातून करून घ्यावे.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी मॉन्ट्रियलला धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे राहून आलो. क्युबेक प्रांतात फ्रेंच चालते म्हणून आपल्याकडची बरीच माणसे तिकडेच वळतात, तशी तीही गेली. ती वृद्धांच्या निवासात रात्रपाळी करते. तिचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी बहीण म्हणाली, "दादा, तू मास्तर आहेस, तूच याला समजाव. याला नवा संगणक पाहिजे." भाच्याने लगेच दुसरी बाजू धरली: "मामा, तुम्हीच आईला समजवा." कामापुरता मामा म्हणतात तो हाच.

त्याचा संगणक २०१८ साली घेतलेला. आत इंटेलचा आय५-८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आणि एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. अभ्यास, पत्रे, आजी-आजोबांशी बोलणे, चित्रपट, सगळे व्यवस्थित चालत होते. अडत होते ते फक्त नवे खेळ. एका दुकानात त्याला सांगण्यात आले होते की इतक्या जुन्या पेटीला हात लावण्यात अर्थ नाही, सगळाच नवा घ्या, पैसे हप्त्याने द्या. किंमत १,६०० डॉलर. क्युबेकमध्ये दुकानातल्या लेबलावर जी किंमत असते तिच्यावर केंद्राचा ५ टक्के आणि प्रांताचा ९.९७५ टक्के कर वेगळा पडतो, म्हणजे प्रत्यक्षात साधारण १,८४० डॉलर झाले. त्यात आपल्या किती रात्री जातात हे बहिणीने बोटांवर मोजून दाखवले आणि मग काहीच बोलली नाही.

मुलाचेही अगदीच खोटे नव्हते. त्याला खेळायचा होता 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' हा खेळ. तो २०२५ साली निघाला आणि तो तयार केला त्याच प्रांतात, क्युबेक शहरातल्या युबिसॉफ्टच्या कार्यालयात. या मालिकेचा पहिला खेळ २००७ साली निघाला, तो तर मॉन्ट्रियलमध्येच घडला. म्हणजे खेळ त्याच्या घराशेजारचा. पण त्याला निदान ८ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड लागते आणि भाच्याचे कार्ड होते ४ जीबीचे. वर्गातली मुले त्याच खेळाविषयी बोलत असतील तर सोळा वर्षांच्या पोराला काय वाटत असेल हे आपण समजू शकतो. त्याला "गप्प बस" म्हणून प्रश्न सुटला नसता.

शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला एक सूत्र शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. म्हणून ज्या वाचकांनी संगणकाची पेटी कधी उघडलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भाच्याच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके आहेत. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. खेळ सुरळीत दिसावा म्हणून हे सगळे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागते, म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपके. प्रोसेसर हा हुशार मुकादमासारखा असतो. तो अवघड हिशेब करील, पण एवढ्या ठिपक्यांचे काम एकट्याच्या हातून होणार नाही. त्यासाठी ऊसतोडीच्या टोळीसारखी टोळी लागते, जिच्यातला प्रत्येक जण साधेच काम करतो पण सगळे एकाच वेळी करतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती टोळी. १०५० टीआय कार्डात असे ७६८ कामकरी आहेत. आम्ही शेवटी जे बसवले त्या रेडिऑन आरएक्स ६६०० मध्ये १,७९२ आहेत. निरनिराळ्या कंपन्यांचे कामकरी अगदी सारख्या ताकदीचे नसतात, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर जाऊ नये, पण अंदाज येतो. आणि स्मृती म्हणजे टोळीच्या बाजूची कोठार-खोली. दगड, झाडे, कपडे, चेहरे यांची चित्रे तिथे हाताशी ठेवलेली असतात. खोली लहान पडली की प्रत्येक वेळी दूरच्या गुदामात धावावे लागते आणि पडद्यावरचे चित्र अडखळते.

आता कॅनडाची गोष्ट सांगायला हवी, कारण आपले लोक तिथे राहतात आणि बहुतेकांना ती ठाऊक नसते. मॉन्ट्रियलचे विमानतळ ज्या डॉरव्हालला आहे, तिथली मॅट्रॉक्स नावाची कंपनी १९७६ साली ब्रांको मातिच आणि लॉर्न ट्रॉटिए या दोघांनी काढली. नाव दोघांच्या आडनावांची अक्षरे जोडून केलेले. ट्रॉटिए हे मॉन्ट्रियलच्याच मॅकगिल विद्यापीठात शिकलेले. १९७८ साली या कंपनीने एएलटी-२५६ हे कार्ड आणले, ते २५६ गुणिले २५६ ठिपके दाखवीत असे, म्हणजे ६५,५३६. आजच्या पडद्याच्या तुलनेत ही रांगोळीच, पण तेव्हा ती मोठी गोष्ट होती. पुढे १९९० च्या दशकात मॅट्रॉक्सची कार्डे जगभर नावाजली गेली. २००२ च्या 'पार्हेलिया' कार्डानंतर मात्र खेळांच्या शर्यतीत ही कंपनी मागे पडली आणि व्यावसायिक कामांकडे वळली.

दुसरी कंपनी आँटारियो प्रांतातली, टोरांटोजवळच्या मार्कहॅमची. हाँगकाँगहून कॅनडात आलेले के. वाय. हो आणि त्यांचे लाऊ आडनावाचे सोबती यांनी १९८५ साली ए.टी.आय. ही कंपनी उभी केली. परक्या देशात येऊन फार वर्षे झालेली नसताना त्यांनी हे धाडस केले. २००० साली त्यांनी 'रेडिऑन' हे नाव बाजारात आणले, २००२ च्या रेडिऑन ९७०० कार्डाने भल्याभल्यांना मागे टाकले, आणि २००६ साली अमेरिकेच्या ए.एम.डी. कंपनीने ५४० कोटी अमेरिकन डॉलर देऊन ए.टी.आय. विकत घेतली. २०१० पासून कार्डांवरचे ए.टी.आय. हे नाव गेले, रेडिऑन राहिले. मार्कहॅमला आजही ए.एम.डी.चे मोठे केंद्र आहे. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, मला वाटायचे हे सगळे कॅलिफोर्नियातच होते.

ही हकीकत मी केवळ माहितीसाठी सांगत नाही. ए.टी.आय. मोठी झाली ती मुख्यतः दुसऱ्याने बनवलेल्या पेटीत बसणारे कार्ड विकून. १९८१ च्या आय.बी.एम. पीसीपासून संगणकाच्या पेटीत मुद्दाम मोकळ्या खाचा ठेवलेल्या असत, की घेणाऱ्याने पुढे आपल्या गरजेप्रमाणे एकेक कार्ड घालावे. आजच्या मेजावरील संगणकातही ती खाच आहे. पेटीच्या बाजूचा पत्रा दोन स्क्रू काढले की निघतो, तो निघावा म्हणूनच तसा केलेला असतो. मग जो दुकानदार म्हणतो की जुन्या पेटीला हात लावण्यात अर्थ नाही, त्याचे दुकान ज्या धंद्यावर चालते तो धंदाच मुळी पेटीला हात लावण्यातून वाढला आहे.

अर्थात हात लावावा तो मोजून. खेळाच्या नादात काही मुले बाजारातले सर्वांत मोठे कार्ड आणून जुन्या पेटीत कोंबतात आणि मग म्हणतात, फरक पडला नाही. कसा पडेल? साखर कारखान्याचा चरक कितीही दांडगा बसवला, पण गाड्या ऊस घेऊन वेळेवर आल्याच नाहीत तर चरक रिकामाच फिरणार. जुना प्रोसेसर मुकादम जेवढे काम वाटून देईल तेवढेच कार्ड करणार. शिवाय पडदा १,०८० चा असेल तर ४के पडद्यासाठी बनवलेले कार्ड घेऊन काय करायचे? अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते, अंथरूण म्हणजे पडदा.

दुसरी गोष्ट विजेची. १०५० टीआय कार्डाला फार तर ७५ वॅट लागतात आणि तेवढी वीज खाचेतूनच मिळते, वेगळी तार लागत नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि त्यासाठी पॉवर सप्लायमधून आठ टोकांची वेगळी जोडणी यावी लागते. भाच्याच्या पॉवर सप्लायला ती जोडणीच नव्हती. बाजारात तारेला तार जोडून काम भागवणारे तुकडे मिळतात, पण माझे मत स्पष्ट आहे, विजेच्या बाबतीत जुगाड नको. पॉवर सप्लाय नवा घ्यावा, चांगल्या कंपनीचा घ्यावा, आणि ही एक वस्तू जुनी विकत घेऊ नये.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे, पण तिथेच पुष्कळांचे पैसे वाया जातात. कार्ड ज्या खाचेत बसते तिला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. तिच्या पिढ्या आहेत, आणि नव्या पिढीचे कार्ड जुन्या पिढीच्या खाचेत चालते. इथपर्यंत ठीक. परंतु खाच म्हणजे एक रस्ता आहे आणि कार्ड त्यातल्या किती लेन वापरते हे वेगवेगळे असते. जानेवारी २०२२ मध्ये निघालेले आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड स्वस्त म्हणून अनेकांनी घेतले. ते फक्त चार लेन वापरते. चौथ्या पिढीच्या खाचेत ते खपून जाते, पण भाच्याची पेटी तिसऱ्या पिढीची, तिथे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. आधीच अरुंद रस्ता आणि त्यात गाड्या हळू, शिवाय कोठार-खोली ४ जीबीचीच. ज्याच्याकडे जुनी पेटी आहे त्यालाच स्वस्त कार्ड हवे असते, आणि ते कार्ड जुन्या पेटीतच जास्त अडते. आरएक्स ६६०० आठ लेन वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीत फारसे बिघडत नाही. इंटेलच्या 'आर्क' कार्डांचेही तसेच. त्यांना 'रिसायझेबल बार' नावाची सोय लागते, आणि ती नसलेल्या जुन्या पेट्यांत ती आपले पुरते बळ दाखवीत नाहीत.

चौथी गोष्ट म्हणजे लांबी. पेटीच्या आत टेप धरून पाहावे. हे इतके साधे आहे की कोणी करीत नाही.

कार्ड आम्ही जुने घेतले, १८० डॉलरला, एका विद्यार्थ्याकडून. जुन्या कार्डांविषयी लोकांच्या मनात भीती असते आणि ती अगदी निराधार नाही. काही वर्षांपूर्वी इथेरियम नावाचे आभासी नाणे 'खणण्यासाठी' लोक शेकडो ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवीत. त्या काळात कार्डांची टंचाई होऊन भाव आकाशाला भिडले होते. क्युबेकमध्ये नद्यांवरच्या धरणांची वीज स्वस्त, म्हणून अशी नाणी खणणाऱ्या कंपन्यांची तिकडे इतकी रीघ लागली की २०१८ साली हायड्रो-क्युबेकला त्यांचे नवे अर्ज थांबवावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, खणण्याचे काम संपले, आणि ती राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. राबलेले कार्ड बिघडलेलेच असते असे नाही. परंतु पंखे झिजलेले असू शकतात. म्हणून कार्ड कधीही रस्त्यावर, डब्यात बंद असलेले घेऊ नये. विकणाऱ्याच्या घरी जावे, ते त्याच्या संगणकात चालू असताना पाहावे, एखादा खेळ वीस मिनिटे चालवायला सांगावे, पंख्याचा आवाज ऐकावा. आम्ही मेट्रोने जाऊन तसेच पाहून आलो. त्या विद्यार्थ्याने चहाही दिला.

पॉवर सप्लाय करासह ९२ डॉलरला पडला. एकूण २७२ डॉलर. १,८४० च्या जागी.

इथे कोणी विचारील की नवा संगणक घेतला असता तर निदान पुढची काही वर्षे चिंता नसती. नव्याचे नऊ दिवस हे संगणकाच्या बाबतीत जरा लवकरच संपतात. शिवाय हा काळ नवा संगणक घेण्यास चांगला नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना स्मृतीच्या चिप्स इतक्या लागू लागल्या की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. मायक्रॉन कंपनीने तर त्या डिसेंबरात 'क्रुशल' या नावाने चालणारी सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबवण्याचे जाहीर केले. अशा वेळी ज्या पेटीत १६ जीबी रॅम आधीच बसलेली आहे ती पेटी भंगार कशी?

जोडणी भाच्याने केली. मी बाजूला खुर्ची घेऊन बसलो होतो. वर्गात अनेकदा दिसते, शिक्षकाने हातातून खडू घेतला की मुलाचे डोके थांबते. त्याने तार काढली, पेटी आडवी ठेवली. एक गोष्ट मात्र मी बजावली, आणि ती आपल्या दमट हवेत राहणाऱ्यांना सुचणार नाही. मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात घरात हवा इतकी कोरडी असते की गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. तीच ठिणगी कार्डावर उडाली तर कार्ड मरू शकते. म्हणून गालिच्यावर काम नको, आणि मध्ये मध्ये पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहावे. आतली सात वर्षांची धूळ त्याने ब्रशने काढली, पंख्याची पाती बोटाने धरून. खाचेच्या टोकाला एक छोटी कडी असते, ती दाबल्याशिवाय जुने कार्ड निघत नाही. ओढाताण केली तर मदरबोर्डच तुटेल. "मामा, तुर्नव्हीस द्या," तो म्हणाला. आपणही घरात तेच म्हणतो. पेटीतल्या भागांना मराठी शब्द शोधत आम्ही बराच वेळ हसत होतो, आणि पंखा, तार, खाच, कडी एवढे चार शब्द तरी त्याला त्या दिवशी मिळाले.

कार्ड बसले, आठ टोकांची जोडणी लागली, पत्रा बंद झाला, पडदा काळाच. मुलाचा चेहरा पडला. मी म्हटले, तार कुठे लावलीस ते पाहा. पडद्याची तार त्याने मदरबोर्डच्या मागच्या भोकात लावली होती, कार्डाच्या नव्हे. ही चूक इतकी सर्रास होते की पुष्कळ चांगली कार्डे "खराब निघाली" म्हणून परत गेली असतील. मग एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर काढून ए.एम.डी.चा घातला. संध्याकाळपर्यंत खेळ चालू झाला. सर्वांत उंच दर्जावर नव्हे, मधल्या दर्जावर. या खेळाला प्रोसेसरही आय५-८४०० पेक्षा बरा हवा असतो, तेव्हा काही ठिकाणी चित्र थोडे अडखळते आणि अडखळत राहणार. त्याने ते स्वतःच शोधून काढले आणि गर्दीच्या दृश्यांचे प्रमाण कमी केले. मला खेळापेक्षा ते पाहण्यात अधिक समाधान वाटले.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. आमचे काही सहकारी शिक्षक म्हणतील की मुलाला खेळण्यासाठी मदत करणे हेच चूक, त्यापेक्षा पुस्तक द्यावे. मी पुस्तकाच्या विरुद्ध नाही. पण आपल्या घरातल्या मुलांना वस्तू विकत घेणे येते आणि वस्तू उघडणे येत नाही, ही मला खेळापेक्षा मोठी काळजी वाटते. आपल्या आजोबांची पिढी कोठीवर राबली तेव्हा कुदळीचा दांडा मोडला म्हणून कोणी कुदळ फेकली नाही. ते गरिबीमुळे होते हे खरे, आणि गरिबीचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. परंतु त्यांना कुदळीचा दांडा कुठे संपतो आणि पाते कुठे सुरू होते हे माहीत होते. आज हप्त्यावर वस्तू घेणाऱ्या मुलाला तिचे भागच माहीत नसतात, म्हणून दुकानदार सांगेल ते त्याला ऐकावे लागते. भाच्याने आता वॅट, लेन, स्मृती हे शब्द स्वतः वापरून बहिणीला हिशेब समजावला. पुढच्या वेळी त्याला कोणी सहज फसवणार नाही.

सरकारेही या दिशेने थोडी सरकली आहेत. वस्तू मुद्दाम लवकर निकामी होतील अशा बनवण्याविरुद्ध क्युबेकने २०२३ साली कायदा केला. दुरुस्तीचे सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळण्याविषयीच्या त्यातल्या तरतुदी ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या. कॅनडाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात बदल केला, त्यामुळे दुरुस्तीसाठी एखाद्या उपकरणातले डिजिटल कुलूप उघडणे गुन्हा राहिला नाही. टाकून दिलेल्या विद्युत वस्तू गोळा करण्याची व्यवस्था क्युबेकमध्ये २०१२ पासून आहे आणि तिचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीतच घेतला जातो. मॉन्ट्रियलमध्ये नगरपालिकेच्या इकोसाँत्रवर जुना संगणक नेऊन देता येतो. आपल्या बेटाला मार शिकोज हे एकच मोठे कचराक्षेत्र आहे, आणि तिथल्या डोंगरात आणखी किती भर घालायची याचा विचार आपण अजून फारसा केलेला नाही. जी पेटी आणखी चार वर्षे चालेल ती चार वर्षे तरी तिथे जाणार नाही.

कार्ड बदलणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे असते असे मात्र कोणी समजू नये. मांडीवरच्या संगणकात ग्राफिक्सचा भाग बहुधा मदरबोर्डलाच पक्का जोडलेला असतो, तिथे हा उपाय चालत नाही. काही कंपन्यांच्या पेट्यांत पॉवर सप्लाय त्यांच्याच खास मापाचा असतो, दुसरा बसत नाही. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. भाच्याचा आय५-८४०० नेमका आठव्या पिढीचा, म्हणून थोडक्यात निभावले. बायोसमध्ये जाऊन टीपीएमची एक सोय चालू केल्यावर विंडोज ११ बसले. २०१६ सालची पेटी असती तर मी त्याला एवढे पैसे घालू दिले नसते. फार तर त्यावर लिनक्स घालून ती अभ्यासाला ठेव, असे सांगितले असते.

तुमच्या घरी असा प्रसंग आला तर पेटी दुकानात नेण्याआधी ती घरीच उघडा आणि पॉवर सप्लायच्या बाजूवरचे लेबल वाचा, त्यावर वॅट लिहिलेले असतात. मुलाला वहीत लिहायला सांगा: प्रोसेसरचे नाव, कार्डाचे नाव, खाचेची पिढी, पॉवर सप्लाय किती वॅटचा, आठ टोकांची जोडणी आहे की नाही, पेटीत किती सेंटिमीटर जागा. ही वही घेऊन दुकानात गेले की दुकानदाराचे बोलणे लगेच बदलते, हे मी स्वतः पाहिले आहे.

राहिले ते काढलेले १०५० टीआय कार्ड. ते फेकायचे नाही हे ठरलेलेच होते. त्याला वेगळी वीज लागत नाही, त्यामुळे कार्यालयातून निवृत्त झालेल्या साध्या संगणकातही ते चालू शकते. माझ्या पुतण्याकडे काशाव्हेलला तसाच एक आहे, त्याच्या वडिलांना कामाच्या ठिकाणाहून स्वस्तात मिळालेला. त्यावर अवघड खेळ चालणार नाहीत, पण नकाशे, चित्रफिती आणि साधे खेळ चांगले चालतील. ड्रायव्हरची मात्र त्याला अडचण येईल, कारण ऑक्टोबर २०२५ पासून एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे थांबवले आहे, आता केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. कार्ड स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या राखाडी पिशवीत घालून मी कपड्यांच्या मधोमध ठेवून आणले. घरी येऊन पुतण्याची पेटी उघडून पाहिली तर ती अरुंद निघाली, पूर्ण उंचीचे कार्ड तिच्यात उभे राहत नाही. तेव्हा आता रुंद रिकामी पेटी शोधणे चालू आहे. कोणाच्या अडगळीत मध्यम आकाराची, पत्रा न गंजलेली एखादी पडून असेल तर ती कचऱ्यात घालण्यापूर्वी आजूबाजूच्या मुलांना विचारा.